आठ फळ्या, एक शीट: फुगलेल्या बेलीबोर्डांचं प्रकरण

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यातल्या तरुण मंडळींनी गेल्या श्रावणात प्लायच्या एकाच शीटमधून आठ बेलीबोर्ड करून घेतले. दिवाळीच्या सुट्टीत ते दीवजवळच्या घोघल्याच्या लाटांवर उतरले, होळीच्या जोडसुट्टीत पुन्हा एकदा. मे संपता संपता त्यातले चार शेपटापाशी आणि कडांना फुगलेले होते आणि एकाचं पॉलिश नाकापाशी पापुद्रे धरून सुटत होतं. मंडळींचं मत पक्कं होतं: प्लायवाल्याने मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, म्हणून साधा कमर्शिअल प्लाय गळ्यात मारला. त्याच्या दुकानावर जाऊन भांडायच्या आधी कोणीतरी म्हणालं, मकरपुऱ्याच्या काकांना एकदा दाखवू या.

ते काका म्हणजे मी. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणं हा माझा धंदा. पॅटर्न म्हणजे धातू ओतायचा वाळूचा साचा ज्याच्यावरून घेतात तो लाकडी नमुना. पॅटर्नच्या लाकडाला ओल्या वाळूत राहूनही आपलं माप सोडायची मुभा नसते, त्यामुळे लाकूड, ओल आणि वॉर्निश या तिघांच्या भांडणात माझं आयुष्य गेलं आहे. लाटांवरचं मला फारसं कळत नाही. फळीतलं कळतं.

फळी कशी असते

ज्यांनी बेलीबोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण चार फूट लांब, फूटभर रुंद आणि पाव इंच जाडीची लाकडी फळी, पुढचं टोक किंचित वर वळवलेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, लाट फुटून फेसाळत आली की फळी पोटाशी धरून तिच्यासोबत पुढे झेप घ्यायची आणि किनाऱ्यापर्यंत घसरत जायचं. उभं राहायचं नाही, पंख नकोत, शिकवणी नको. हवाई बेटांवर अशा छोट्या फळीला पायपो म्हणतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पहिल्या महायुद्धानंतर हा खेळ रुजला आणि पुढे वाफेवर वाकवलेल्या प्लायवूडच्या फळ्या तिथल्या घराघरांत आल्या. 1971 साली टॉम मोरी याने फोमचा बूगी बोर्ड काढला आणि लाकडी फळी मागे पडली, पण संपली नाही.

फळी माणसाला तरंगवते असा अनेकांचा समज असतो. हिशोब करून बघा. चार फूट बाय फूटभर, 6 मिमी जाडीच्या फळीचं घनफळ साधारण सव्वादोन लिटर. तिचं स्वतःचं वजन दीड किलोच्या आसपास. म्हणजे उचलायची ताकद उरली जेमतेम पाऊण किलो. माणूस तरतो तो वेगावर आणि लाटेच्या धक्क्यावर. म्हणून फळी जाड करण्यात काही हशील नाही, आणि म्हणूनच ती दर लाटेला वाकते. हे वाकणं पुढे महत्त्वाचं आहे.

बडोदेकराला हा खेळ खेळायचा तर जागा जवळ नाही. आपला सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं ते दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो, पण खंभातच्या आखातातला तो चिखल आणि ती ओढ पाहून कोणी शहाणा माणूस फळी घेऊन उतरणार नाही. मग रात्री गाडी काढायची, सकाळी उन्यावरून दीव बेटापाशी घोघला. 2020 मध्ये ज्या भारतीय किनाऱ्यांना पहिल्यांदा ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं त्यात घोघला आहे, स्वच्छ वाळू आणि जीवरक्षक दोन्ही आहेत. पावसाळ्यात मात्र तिथे समुद्रात उतरायला बंदी असते. म्हणजे फळ्यांना समुद्र मिळणार वर्षातून दोनतीनदा. उरलेलं वर्ष त्या बडोद्याच्या हवेत. माझ्या मते खरी परीक्षा तीच आहे.

श्रावणात काय काय झालं

वाडी भागातल्या एका मिस्त्रींकडे काम दिलं होतं. 6 मिमीची आठ बाय चारची शीट आडवी कापली तर फूटभर रुंदीचे बरोबर आठ तुकडे निघतात, फक्त पात्याची जाडी सोडावी लागते. मिस्त्रींनी 302 मिमी रुंदी धरली. काटकसर उत्तम. नाकाची गोलाई जिगसॉने काढली आणि निघालेले कोपरे पाचर म्हणून उपयोगी पडतील म्हणून पोत्यात टाकले. हे कोपरे पुढे साक्षीदार ठरले.

नाक वळवायला लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं तपेलं आणलं. फळीचं टोक उकळत्या पाण्यात उभं धरायचं, लाकूड नरमलं की फर्म्यात घालून सी-क्लॅम्पने आवळायचं आणि दोन दिवस तसंच सोडायचं. पद्धत चुकीची नाही, पण फर्म्याचा बाक जरा कडक होता.

मग पॉलिशवाला आला. त्याने त्याच्या रोजच्या सवयीने काम केलं: आधी सीलर, काच पेपर, मग मेलामाइनचे दोन हात. सहा फळ्या झाल्या आणि सातम-आठम आली. तो गावी गेला तो गणपतीपर्यंत आलाच नाही. उरलेल्या दोन फळ्या पडून होत्या. वाड्यातली एक मुलगी क्रिकेट खेळते. तिच्याकडे बॅटला लावायचं जवसाचं तेल होतं. तिने सात आणि आठ नंबरच्या फळ्यांना तेच चोळलं, चार-पाच दिवस रोज थोडं थोडं, फडक्याने. बाकीच्यांनी हसून घेतलं.

शेवटचा भाग निघायच्या आदल्या रात्रीचा. कोणाच्या तरी लक्षात आलं की फळी हातातून सुटली तर मागच्या माणसाच्या तोंडावर जाईल, तेव्हा मनगटाला दोरी हवी. एक, दोन, चार, पाच आणि सात या फळ्यांना शेपटापाशी ड्रिलने भोक पाडलं, नायलॉनची दोरी ओवली, आणि फळ्या गाडीच्या टपावर.

माझ्यासमोर आलं ते

आठही फळ्या नंबराप्रमाणे टेबलावर ओळीने मांडल्या. नंबर मिस्त्रींनीच नाकाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने घातलेले होते, पॉलिशखाली अजून दिसत होते.

एक, दोन, चार, पाच: शेपटाशी बोटांनाच जाडी लागत होती. व्हर्निअरने मापलं तर मधोमध 6 मिमी आणि भोकाजवळ पावणेसात. कडांना केसाएवढ्या भेगा, त्यातून काळपट रेघा आत गेलेल्या. पॉलिश भोकाभोवती पांढरं पडून उचललेलं.

तीन: भोक नाही, शेपूट ठीक. पण नाकाच्या खालच्या बाजूला पॉलिश पापुद्रे होऊन सुटत होतं.

सहा: जवळजवळ नवीन. मंडळींनी मोठ्या अभिमानाने दाखवली. चौकशी केली तेव्हा कळलं, ती फळी ज्या नऊ वर्षांच्या पोराची होती तो पहिल्याच लाटेला घाबरला आणि उरलेला वेळ वाळूत किल्ला करत बसला. सहाची साक्ष मी बाद केली.

सात आणि आठ: दिसायला सगळ्यात वाईट. राखाडी, खरखरीत, ठिकठिकाणी बुरशीचे बारीक काळे ठिपके. सातच्या भोकाभोवती डाग. पण व्हर्निअर लावला तर कुठेही फुगवटा नाही, कड शाबूत, एकही थर सुटलेला नाही.

एकच शीट, एकच समुद्र, तेच भोक, तोच ड्रिल. प्लाय खराब असता तर सात नंबरही फुगली असती.

प्लायवाल्याची सुटका

तरीही शंका ठेवायची नाही म्हणून तपासलं. दोन नंबरच्या पोटावर पॉलिशखाली शीटचा छापा अर्धा दिसत होता: आयएसआयची खूण आणि आयएस 710. हे मरीन प्लायचं मानक. साध्या प्लायचं आयएस 303. छापा खोटाही असू शकतो, म्हणून मिस्त्रींच्या पोत्यातले कोपरे मागवले. आयएस 710 मध्ये नमुना 72 तास उकळायचा असतो. घरच्या गॅसवर एवढा हट्ट कोण चालू देणार, पण मी एक तुकडा सकाळी तपेल्यात टाकून रात्रीपर्यंत उकळवला. सौभाग्यवतींचे उद्गार इथे देत नाही. कमर्शिअल एमआर, म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणाऱ्या, प्लायचा एक तुकडा तुलनेसाठी सोबत टाकला होता. तो दुपारच्या जेवणाआधीच पानापानांनी सुटला. मरीनचा तुकडा रात्री बाहेर काढून पटाशीने उकलायचा प्रयत्न केला तर गोंदाच्या रेघेवर सुटेना. सुटलं ते लाकूड, तंतू ओढत.

रेघेचा रंगही बघण्यासारखा असतो. मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड वापरतात, त्याची रेघ तपकिरी-काळसर दिसते. एमआरमध्ये युरिया, ती फिकट. कापलेली कड ओली करून उन्हात धरली की साध्या डोळ्यांना फरक कळतो. दुकानात शीट घेताना एवढं जरी केलं तरी निम्मी फसवणूक टळते.

प्लायवाला निर्दोष. मंडळींचा थोडा विरस झाला.

मग पाणी गेलं कुठून

दोन नंबरची फळी मी मागून घेतली आणि भोकाजवळ वरचा थर पटाशीने हळूहळू खरवडून काढला. खाली डाग दिसला तो गोल नव्हता, फुली होती. भोकातून एक काळी जीभ फळीच्या लांबीच्या दिशेने गेलेली, चार बोटं लांब. त्याखालचा थर उघडला तर तिथे जीभ आडवी, थेट कडेपर्यंत. प्लायमध्ये थर एकाआड एक काटकोनात असतात आणि पाणी रेषेच्या दिशेने धावतं. लाकडाच्या उघड्या टोकातून ते जितक्या झपाट्याने आत जातं, तितकं सपाट बाजूने जात नाही. फरक दहापट किंवा त्याहून जास्त असतो. एका भोकाच्या आतल्या भिंतीवर पाचही थरांची टोकं उघडी होती, कोऱ्या लाकडाची. आदल्या रात्री पाडलेल्या त्या भोकाला वॉर्निशचा थेंबही लागलेला नव्हता.

करवतीने फळी आडवी कापली तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. गाभ्याच्या एका थरात दोन पट्ट्यांमध्ये बोटाच्या नखाएवढी फट होती. मरीन प्लायमध्येही अशी एखादी फट निघते. ती आत बंद असेल तर निरुपद्रवी, पण इथे ती नेमकी कडेला उघडली होती. त्यात वाळूचे कण आणि मिठाचा पांढरा चुरा बसलेला होता.

मिठाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाची बरणी पाझरते ते त्यामुळेच. लाकडाच्या पोटात मीठ बसलं की ती फळी वाड्याच्या माळ्यावर कोरडी ठेवली तरी जुलैत आपोआप ओली होते. घोघल्याहून परत आल्यावर फळ्या गोड्या पाण्याने धुतल्या होत्या का, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आता मेलामाइन. पॉलिशवाल्याने वाईट काम केलं नाही. त्याने शोकेसचं काम फळीवर केलं. मेलामाइन हे घरातल्या फर्निचरचं पॉलिश. वाळल्यावर ते कडक होतं, चकाकतं, गरम कप ठेवला तरी डाग पडत नाही. पण ते वाकत नाही. टेबलाचा पृष्ठभाग कुठे वाकतो? फळी मात्र दर लाटेला धनुष्य होते. थोड्याच वेळात त्या कडक थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडल्या, आणि सर्वात आधी नाकाच्या खाली. नाक वर वळवताना खालची बाजू ताणली जाते, तिथल्या विनिअरचे, म्हणजे प्लायच्या बाहेरच्या पातळ थराचे, तंतू फर्म्यातच थोडे तुटले होते. तीन नंबरचे पापुद्रे तिथलेच.

कडांचं तेच. मिस्त्रींनी कडा काटकोनात ठेवल्या, फक्त काच पेपर फिरवला. धारदार कडेवरून ओलं पॉलिश स्वतःच मागे ओढलं जातं आणि तिथे थर सर्वात पातळ राहतो. म्हणजे जिथे सर्वात जाड हवा तिथे सर्वात पातळ.

वरून श्रावण. बडोद्यात त्या दिवसांत आर्द्रता 85-90 टक्के असते, आणि अशा हवेत पडून राहिलेल्या लाकडात वजनाच्या 18-20 टक्के पाणी मुरतं. मे महिन्याच्या कोरड्या झळांत तेच लाकूड सहा-सात टक्क्यांवर यायला बघतं. मधल्या पाण्याने जायचं कुठे? बाहेर मेलामाइनचं झाकण. ते झाकण ढकलूनच पाणी निघालं. दमट हवेत मारलेल्या पॉलिशवर जी पांढुरकी साय येते तीही तीनवर होती: थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते.

तेलाच्या फळ्यांचं गणित उलटं. जवसाचं तेल पाणी अडवत नाही, जरा हळू करतं एवढंच. सात आणि आठ समुद्रात बाकीच्यांपेक्षा जास्तच भिजल्या असणार. पण किनाऱ्यावर उभ्या केल्या की तितक्याच सहज वाळल्या. ज्या वाटेने पाणी आत गेलं त्याच वाटेने बाहेर. मेलामाइनच्या फळ्यांत आत जायला पाच-सहा छोट्या वाटा होत्या आणि बाहेर यायला जवळजवळ एकही नाही.

तेव्हा माझं निदान असं: मुख्य दोष पॉलिशनंतर पाडलेल्या भोकाचा आणि कडांचा, दुसरा न वाकणाऱ्या पॉलिशचा, तिसरा मुहूर्ताचा. प्लाय आणि गोंद यांचा दोष नाही. फळी सील करणं म्हणजे तिला प्लास्टिकच्या पिशवीत घालणं नव्हे. एक तर पुरतं सील करा, एकही टोक उघडं न ठेवता. नाहीतर तेल लावा आणि ती भिजणार-वाळणार हे मान्य करा. अर्धवट सील हा तिन्हीतला सर्वात वाईट पर्याय.

दुरुस्ती

आधी मीठ काढलं. टाकीच्या गोड्या पाण्यात फळ्या बुडवून ठेवल्या, पाणी रोज बदललं. मंडळी घाबरली, फुगलेल्या फळीला आणखी पाणी? पण मीठ पाण्यानेच निघतं, आणि गोंद टिकतो हे तपेल्यात सिद्ध झालेलं होतं. मग सावलीत पंख्याखाली उभ्या केल्या. गच्चीवर उन्हात टाकायचा आग्रह मी मोडून काढला. एका बाजूने झटकन वाळलं की फळी पिळली जाते. वाळल्या की नाही हे वजन सांगतं. रोज एकाच वेळी काट्यावर ठेवायच्या, आकडा उतरायचा थांबला की झालं.

मेलामाइन पत्रीने खरवडलं, 80 नंबरच्या काच पेपरने उरलेलं. एक आणि चारचं शेपूट सहा इंच कापून टाकलं, भोकासकट. साडेतीन फुटांच्या फळ्या पोरांना पुरतात. पाचची सूज वाळल्यावर बरीच उतरली. भेगांत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद, भरून, वरखाली जाड पॉलिथिन घालून क्लॅम्प केली. दोन नंबर तपासात कामी आली होती.

कडा रंध्याने आणि कानशीने गोल केल्या, इतक्या की करंगळी फिरवली तर कुठे अडू नये. गोल कडेवर थर टिकतो, आणि दुसऱ्याच्या बरगडीला लागली तर कमी लागते.

सीलचा क्रम मी असा धरला. कडांना आणि नाकाच्या खालच्या बाजूला इपॉक्सीचे तीन हात, आधीचा हात बोटाला चिकटतो आहे तोवरच पुढचा. इपॉक्सी पातळ करायला त्यात थिनर ओतायचा मोह होतो. त्याऐवजी डबा कोमट पाण्यात ठेवला तर ते आपोआप पातळ होतं. वेळ संध्याकाळची. दुपारभर गरम झालेली फळी संध्याकाळी थंड होते, तिच्या छिद्रांतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. सकाळी लावलं तर दिवस चढताना हवा फुलून बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि भांड्यात एकदम जास्त मिसळू नका, आपल्या उन्हाळ्यात वाटी हातात धरवत नाही इतकी तापते. उथळ ताटलीत पसरून घ्या. वाळल्यावर वर मेणचट थर येतो तो नुसत्या पाण्याने पुसायचा, मगच काच पेपर.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडून भुकटी होते. म्हणून पूर्ण फळीला वरून मरीन वॉर्निश. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी बनलेला हा प्रकार, वाऱ्याने काठी झुकते म्हणून तोही झुकतो. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, म्हणजे तो लाकडात मुरतो. मग चार हात जसेच्या तसे, प्रत्येकात एक दिवस सोडून आणि मध्ये 320 चा पेपर हलकासा. हे सगळं ऑक्टोबर उजाडल्यावर, हवा कोरडी झाल्यावर केलं. मंडळींना गणपतीआधी हवं होतं. नाही म्हटलं.

भोक लागतंच म्हणाल तर ते होडीवाल्यांच्या पद्धतीने: हवं त्याच्या दुप्पट मोठं पाडा, खालून टेप लावून इपॉक्सीने भरून टाका, पूर्ण कडक झाल्यावर त्या इपॉक्सीच्या मधोमध लहान भोक पाडा. दोरी इपॉक्सीला घासते, लाकडाला पाण्याचा पत्ता नाही. पाच नंबरला तसं केलं.

सात आणि आठ धुऊन, वाळवून, घासून पुन्हा तेलावरच ठेवल्या. फक्त बॅटचं कच्चं तेल सोडून डबल बॉइल्ड लिनसीड वापरलं. कच्चं तेल आठवडेन् आठवडे ओलसर राहतं आणि बुरशीला ते आवडतं. एक इशारा इथे नाही दिला तर मला झोप लागणार नाही. तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती अडकून फडकं आपोआप पेटतं. बोळे पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. वाड्यातल्या लाकडी जिन्याखाली तर मुळीच नकोत.

संखेड्याचा सल्ला

वाड्यातल्या एका आजोबांनी सुचवलं होतं, एवढी यातायात कशाला, संखेड्याला नेऊन लाख चढवून आणा, तिथले झोपाळे पिढ्यान् पिढ्या टिकतात. झोपाळे टिकतात ते दिवाणखान्यात. तिथली लाख लेथवर फिरणाऱ्या सागवानी खांबावर घर्षणाच्या गरमीने चढते; सपाट फळी लेथवर फिरणार कशी? आणि लाखेचा थर पाण्याने पांढरा पडतो, तापल्या टपावर मऊ होतो. आजोबांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आमच्या वेळी ट्यूबवर पोहायचो ते काय वाईट होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवी खेप

दोन नंबरच्या जागी आणि सहाच्या मालकाची हौस परत जागी झाल्यामुळे दोन नव्या फळ्या हव्या होत्या. इथे मिस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, "साहेब, 9 मिमी घ्या, मजबूत होईल." 9 मिमी उकळून वाकवायचा म्हणजे खालचं विनिअर आणखी तुटणार, आणि वजन सव्वादोन किलोच्या पुढे. मी 4 मिमीचे दोन थर घेतले. मधे इपॉक्सी, खाली माझ्या शॉपमध्ये बनवलेला फर्मा, वर फाउंड्रीच्या वाळूची पोती. पातळ थर थंडच वाकतो, उकळावं लागत नाही, आणि दोघे एकमेकांना धरून ठेवत असल्याने फर्म्यातून काढल्यावर बाक फारसा उलगडत नाही. वजन दोन किलो. 6 मिमीपेक्षा थोडं जड, पण खालच्या बाजूला एकही तुटका तंतू नाही.

मिस्त्रींनी फळी गुडघ्यावर ठेवून दाबून पाहिली, नाकावरून अंगठा फिरवला, आणि पुढच्या वेळी मात्र एक तरी 9 मिमीची करून बघू, असं म्हणाले. शीट आणली आहे त्यांनी. छापा आयएस 710 चा आहे, कोपरा कापून माझ्याकडे पाठवा म्हणून सांगितलं आहे.